शरणपूर रोडवरचा शनिवारचा वर्ग: मंडळीच्या पंचांनी तर जावंच

नाशिकच्या शरणपूर रोडला लागून एका जुन्या बंगल्याच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ बायबलमधल्या जुन्या कराराचा अभ्यासवर्ग चालतो. वर्गाला नाव नाही, बाहेर पाटी नाही. आसपासच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, विचारलंत की कुणीतरी पत्ता सांगतं. यंदाच्या पावसाळ्यातल्या मालिकेचा विषय होता, इस्राएलाच्या समाजात चुकलेल्याला शिस्त कशी लावत आणि त्याला परत कसं घेत. मी पूर्ण मालिका ऐकली. पाचपैकी चार देते. एक का कापला ते पुढे येईलच.

आधी व्यवहाराचं सांगते. फी तीनशे रुपये, त्यात छापील टिपणं आणि मध्यंतरातला चहा. रिक्षावाल्याला कॅनडा कॉर्नर सांगितलं की पुढचं तुम्ही दाखवू शकता. हॉल तळमजल्यावर आहे, एकच पायरी, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांची सोय आहे. दुचाकी कंपाउंडमध्ये लागते, चारचाकी लांब लावावी लागते. माइक नाही आणि पावसाचा पत्र्यावर आवाज फार होतो, तेव्हा पुढच्या दोन रांगांत जागा धरा. टिपणांचा टाइप बारीक आहे. वर्गात निम्म्याहून जास्त माणसं साठीच्या पुढची असताना एवढा बारीक टाइप छापू नये.

शिकवणारे सर निवृत्त शिक्षक आहेत, हिब्रू शिकलेले आहेत. प्रवचन करत नाहीत. आधी अध्याय मोठ्याने वाचायला लावतात, आळीपाळीने, आणि वाचून झाल्यावर पहिला प्रश्न नेहमी एकच: “यात कोण कुठे उभं आहे?” पहिल्या दिवशी मला या प्रश्नाचा अर्थ लागला नव्हता. छावणीच्या आत कोण, बाहेर कोण, दारात कोण, आणि उठून कोण कुणाकडे चाललंय, एवढंच बघायचं. बाकी सगळं त्यातून निघतं.

सुरुवात मिर्यामपासून केली. इस्राएलाला मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेची ती बहीण, आणि अहरोन त्यांचा भाऊ, महायाजक म्हणजे मुख्य पुरोहित. गणना हे जुन्या करारातलं पुस्तक, त्याचा 12वा अध्याय. मिर्याम आणि अहरोन मोशेविरुद्ध बोलले, त्याच्या कूशी बायकोवरून, आणि देव काय फक्त मोशेशीच बोलतो का, असंही म्हणाले. देवाने तिघांना दर्शनमंडपाशी बोलावलं. ढग वर गेला तेव्हा मिर्यामचं अंग बर्फासारखं पांढरं झालं होतं. अहरोन मोशेपुढे गयावया करायला लागला. आणि ज्याच्याविरुद्ध ती बोलली होती त्या मोशेनेच तिला बरं कर म्हणून देवाचा धावा केला. त्याची ती प्रार्थना मुळात जेमतेम पाच शब्दांची आहे. देवाने ऐकलं, पण सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवा म्हणून सांगितलं.

हे सगळं आम्हाला लहानपणापासून माहीत. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ‘वडीलधाऱ्यांविरुद्ध बोलू नये’ इथे संपायची. सरांनी 15व्या वचनावर बोट ठेवलं: मिर्यामला आत घेईपर्यंत लोकांनी कूच केलं नाही. सर म्हणाले, आता गणनाचा पहिला अध्याय काढा. लढाईच्या वयाचे पुरुष मोजले तर 6,03,550. बायका, मुलं, म्हातारे, गुरंढोरं वेगळी. एवढा सगळा तळ हसेरोथच्या मुक्कामी सात दिवस बसून राहिला, एका बाईसाठी. तंबू बांधलेले, आणि ती बाहेर आहे हे प्रत्येकाला ठाऊक. ती आत आल्यावरच लोक पारानच्या रानाकडे निघाले.

वर्गात एक कायद्याची विद्यार्थिनी येते. तिने उठून विचारलं, “सर, बोलले दोघं, मग शिक्षा एकटीलाच का?” सरांनी पळवाट काढली नाही. अध्याय कारण सांगत नाही, असं म्हणाले, आणि हा प्रश्न टिपणाच्या समासात लिहून ठेवायला लावला. मग मीखाचा 6वा अध्याय, 4थं वचन वाचून दाखवलं. शेकडो वर्षांनंतर संदेष्टा देवाच्या तोंडून म्हणतो, मी तुमच्यापुढे मोशे, अहरोन आणि मिर्याम यांना पाठवलं. तिचं नाव पुढाऱ्यांच्या यादीत जिथल्या तिथे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात तिच्या त्या प्रसंगाची आठवण ठेवा असंही म्हटलंय, म्हणजे झालेलं कुणी झाकलं नाही. पण जागा गेली नाही.

मालिकेतला सगळ्यात उत्तम दिवस लेवीय या पुस्तकाच्या 13-14 अध्यायांचा. मी आयुष्यभर नर्सिंग केलं, त्यातली बरीच वर्षं त्वचारोगाच्या वॉर्डात. हे अध्याय मी कधी मन लावून वाचले नव्हते, कारण चर्चमध्ये कुणी ते वाचायला लावतच नाही. 13वा अध्याय म्हणजे तपासणीची अख्खी पद्धत आहे. चट्टा कातडीपेक्षा खोल दिसतो का, त्यातला केस पांढरा झालाय का. शंका असेल तर सात दिवस वेगळं ठेवा, सातव्या दिवशी पुन्हा बघा, पसरला नसेल तर आणखी सात दिवस. याजकाने, म्हणजे पुरोहिताने, घाईने ठरवायचं नाही, एका नजरेत तर नाहीच. आणि ऐकीव गोष्टीवर अजिबात नाही, त्याने स्वतः बघायचं. पुढे सरांनी कबूल करून टाकलं की तिथला आजार म्हणजे आपण आज ज्याला कुष्ठरोग म्हणतो तोच असं नाही, कारण तिथे कपड्याला आणि घराच्या भिंतीलाही तो लागतो. मला ते पटलं. वॉर्डात मी जे बघितलं त्याच्याशी ती वर्णनं जुळत नाहीत.

ज्याला तो आजार आहे असं ठरलं, त्याने कपडे फाडायचे, केस मोकळे सोडायचे, ओठ झाकायचा आणि ‘अशुद्ध, अशुद्ध’ ओरडत छावणीबाहेर एकटं राहायचं. हे ऐकताना वर्गात सगळे गप्प होते.

आणि मग 14वा अध्याय. सरांनी टेबलावर सामान मांडलं होतं. मातीचं बोळकं, त्यात पाणी. लाल सुताची गुंडी. देवदाराचा एक तुकडा, कुठल्यातरी लाकडाच्या वखारीतून आणलेला. एजोब नावाची वनस्पती नाशिकमध्ये मिळत नाही, म्हणून त्याच्या जागी पुदिन्याच्या कुळातली एक जुडी बांधून ठेवली होती आणि तसं सांगितलंही. पक्षी अर्थातच नव्हते. कागदाच्या दोन घड्या केल्या होत्या.

पण ते सामान नंतर आलं. त्याआधी सरांनी वर्गातल्या एका गृहस्थांना छत्री देऊन फाटकाबाहेर उभं केलं आणि दुसऱ्यांना म्हणाले, तुम्ही याजक. मग तिसरं वचन वाचलं: याजकाने छावणीबाहेर जावं. बस्स, एवढंच. ते दुसरे गृहस्थ हॉलमधून उठले, चपला घातल्या, भर पावसात कंपाउंड ओलांडून फाटकापर्यंत गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. बाहेर उभा असलेला माणूस आत येण्याची परवानगी मागायला आला नव्हता. त्याला यायची मुभाच नाही. जो पवित्र, ज्याने अशुद्धतेपासून लांब राहायचं, त्यानेच पाय ओले करायचे.

याजक बरं करत नाही, हेही सरांनी ठासून सांगितलं. तो माणूस आधीच बरा झालेला आहे. याजक फक्त बघतो आणि सगळ्यांसमक्ष सांगतो. दोन पक्ष्यांपैकी एक वाहत्या पाण्यावर, मातीच्या भांड्यावर मारायचा. दुसरा त्या रक्तात बुडवायचा, माणसावर सात वेळा शिंपडायचं, ‘शुद्ध’ म्हणून सांगायचं आणि जिवंत पक्षी मोकळ्या रानात सोडून द्यायचा. मग त्या माणसाने कपडे धुवायचे, सगळे केस काढायचे, अंघोळ करायची आणि छावणीत यायचं. पण स्वतःच्या तंबूबाहेर आणखी सात दिवस. सातव्या दिवशी पुन्हा मुंडण, या वेळी भुवयासुद्धा. आठव्या दिवशी तीन कोकरं, पीठ, तेल. रक्त उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला. त्यावर तेल. उरलेलं तेल डोक्यावर.

इथे सरांनी आम्हाला मागे, 8व्या अध्यायात नेलं. अहरोनाला आणि त्याच्या मुलांना याजक केलं तेव्हा रक्त कुठे लावलं होतं? उजवा कान, उजवा अंगठा, उजव्या पायाचा अंगठा. म्हणजे काल जो ओठ झाकून लोकांना हाकलत होता, त्याला परत घेताना जे करायचं ते महायाजकाच्या दीक्षेत केलं होतं तसं. मी ही दोन पानं शेजारी शेजारी कधीच वाचली नव्हती. आणि गरिबासाठी वेगळी सोय: एक कोकरू, थोडं पीठ, आणि बाकीच्या दोन कोकरांऐवजी दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिलं. परत यायचा खर्च परवडत नाही म्हणून कुणी बाहेर राहू नये, हे नियम लिहितानाच ठरलेलं.

वॉर्डात आमच्याकडे बऱ्या झालेल्या पेशंटांचा प्रश्न असायचा. कुष्ठरोगाला 1981 नंतर तीन औषधांचा एकत्र कोर्स आला, गोळ्या सुरू झाल्या की संसर्गाचा धोका लवकरच जातो. कागदावर ‘बरा’ लिहिलं जायचं. डिस्चार्ज कार्ड हातात, कपड्यांची पिशवी बांधलेली, आणि न्यायला कुणी नाही. डॉक्टर पत्र लिहायचे, आम्ही पत्ता शोधायचो. आपल्या देशात नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात 2019 पर्यंत होतं, कोर्स येऊन जवळपास चार दशकं झाली तरी. बरं होणं आणि परत घेतलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी औषध नाही, माणूसच उठून जावा लागतो. लेवीयने त्या माणसाचं नाव, दिवस आणि सामान ठरवून दिलंय.

माझ्या धाकट्या भावाचं सांगते, कारण या वर्गात मी का बसले ते त्याशिवाय कळणार नाही. जिल्ह्याबाहेरच्या एका मंडळीत तो युवक संघाचा हिशेब बघायचा. घरात अडचण होती, त्याने संघाचे पैसे वापरले, वेळेत परत केले नाहीत. चूकच. पंचांची, म्हणजे मंडळीच्या कारभारी कमिटीची, बैठक झाली, प्रभुभोजनातून, म्हणजे भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीतून, आणि सगळ्या कामांतून त्याला बंद केलं, तसं पत्र रविवारी उपासनेत वाचलं. पूर्ण नावासकट. त्याने पै न पै भरली, पंचांपुढे जाऊन क्षमा मागितली. पाळकसाहेब म्हणाले, ठीक आहे, ये आता. तो पुढच्या रविवारी गेला. काढल्याचं पत्र वाचलं होतं, परत घेतल्याचं कुणीच वाचलं नाही. प्रभुभोजनाचा कप फिरला तेव्हा शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांनी आधी मागे वळून पंचांकडे बघितलं, देऊ का म्हणून. तो अजून चर्चला जातो. दाराजवळच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद संपायच्या आत निघतो.

म्हणून दावीद राजाच्या मुलाचा, अबशालोमचा दिवस माझ्यासाठी जड गेला. वर्गातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की दावीद म्हटल्यावर त्याने दुसऱ्याची बायको बथशेबा घेतली आणि नाथान संदेष्ट्याने त्याला सुनावलं, तीच गोष्ट. तो भाग सरांनी घेतला, ‘तो मनुष्य तूच आहेस’ झालं, 51वं स्तोत्र वाचलं. त्याबद्दल मी लिहीत नाही, प्रत्येक उपवासकाळात आपण ऐकतोच. खरा धडा 2 शमुवेलच्या 14व्या अध्यायात आहे. अबशालोमने बहिणीवरच्या अत्याचाराचा सूड म्हणून सावत्र भाऊ अम्नोनाला मारलं आणि गशूरला आजोळी पळाला. तीन वर्षं तिकडे. राजाचा सेनापती यवाब याने तकोवा गावची एक शहाणी बाई शोधली, तिला शोकाचे कपडे घालून राजाकडे पाठवलं. ती आपल्या दोन मुलांची कहाणी सांगते, एकाने दुसऱ्याला मारलं, आता भाऊबंद उरलेल्यालाही मागताहेत. राजाने अभय दिलं की ती म्हणते, मग तुम्ही आपल्या हद्दपार केलेल्याला का आणत नाही? आपण सगळे जमिनीवर सांडलेल्या पाण्यासारखे आहोत, आणि हाकललेला आपल्यापासून कायमचा हाकललेला राहू नये म्हणून देव युक्त्या योजतो.

राजाने आणलं. पण म्हणाला, त्याने आपल्या घरी जावं, माझं तोंड बघू नये. यरुशलेमात, त्याच शहरात, दोन वर्षं. सरांनी इथे फळ्यावर फक्त तीन आणि दोन हे आकडे लिहिले. गशूरमधल्या तीन वर्षांत त्याने बंड केलं नव्हतं. बंडाकडे तो वळला ते या दोन वर्षांनंतर. आधी यवाबाच्या सातूच्या शेताला आग लावली, तेव्हा कुठे भेट झाली. राजाने चुंबन घेतलं खरं, पण उशीर झाला होता. पुढच्याच अध्यायात अबशालोम वेशीत उभा राहून न्याय मागायला आलेल्यांना जवळ करतो, लोकांची मनं फिरवतो. शेवट सगळ्यांना माहीत आहे, त्या बंडात तो मारला गेला.

एका पंचांनी हरकत घेतली, तेही नाशिकरोडकडच्या एका मंडळीचे. “सर, खुनाला काहीच शिक्षा नको का? नुसतं आणा, आणा?” सर म्हणाले, शिक्षा हवी, म्हणूनच तिला माप हवं. आणि अनुवादाचा 25वा अध्याय काढला. फटके द्यायचे तर न्यायाधीशाने समोर पाडून, मोजून, चाळीसच्या वर नाहीत. का, तर त्याहून जास्त दिले तर तुझा भाऊ तुझ्या नजरेत हलका ठरेल. गुन्हा केलेल्याला त्या वचनात आधी गुन्हेगार म्हटलंय, फटक्यांचा हिशेब संपताना ‘भाऊ’ म्हटलंय. नंतरच्या यहुदी शास्त्र्यांनी मोजण्यात चूक होऊ नये म्हणून आकडा एकोणचाळीसवर आणला, आणि मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमसंग्रहात लिहून ठेवलं की फटके झाले की तो पुन्हा तुझा भाऊ. अबशालोमच्या शिक्षेला माप नव्हतं, कधी संपते ते कुणाला माहीत नव्हतं. माझ्या भावाच्या शिक्षेलाही नाही.

एका शनिवारी पाहुणे आले होते, ठाण्याचे एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, आजोबा. शुद्ध कोकणी वळणाची मराठी. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्यांच्यासाठी फी वसूल झाली म्हणायला हरकत नाही. पहिली: तालमुदात, म्हणजे यहुद्यांच्या शास्त्रचर्चेच्या ग्रंथात, समाजाबाहेर ठेवण्याच्या पायऱ्या आहेत, नुसती कडक ताकीद असेल तर सात दिवस, आणि हे सात मिर्यामच्या सातांवरून घेतलेले, बहिष्कार असेल तर निदान तीस. मुदत आधी सांगायची. दुसरी: योम किप्पूरच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी, वर्षातल्या सगळ्यात पवित्र प्रार्थनेला उभं राहताना, आधी मोठ्याने जाहीर करतात की वरच्या न्यायसभेच्या आणि खालच्या न्यायसभेच्या संमतीने आम्ही अपराध्यांबरोबर प्रार्थना करायला मोकळे आहोत. तेराव्या शतकातल्या एका रब्बींपासून, म्हणजे यहुदी धर्मगुरूंपासून, हे चालत आलंय. आजोबांनी मग निर्गमच्या 30व्या अध्यायातली धुपाची यादी वाचली. त्यात एक डिंक आहे, हेलबना, त्याचा वास एकटा घेतला तर नकोसा. तरी तो घालायचाच. तालमुदातले गुरू त्यावरून म्हणतात, ज्या उपासात इस्राएलातले पापी सामील नाहीत तो उपासच नव्हे. हे सांगताना आजोबांचा आवाज भरून आला होता. मध्यंतरात लोकांनी त्यांच्याभोवती एवढी गर्दी केली की त्यांचा चहा गार झाला.

आता एक गुण कापला त्याचं. आखान आणि एज्रा हे दोन्ही विषय सरांनी शेवटच्या एकाच संध्याकाळी घेतले, तेही भराभर. ज्या गोष्टी अवघड आहेत त्यांनाच वेळ कमी. आखानाने यरीहो शहराच्या, हात लावायला मनाई असलेल्या लुटीतला शिनार देशचा एक झगा, दोनशे शेकेल (तेव्हाचं वजन) रुपं आणि पन्नास शेकेलची सोन्याची लगड लपवली. त्यापायी आय नावाच्या गावच्या लढाईत छत्तीस माणसं गेली. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा त्याला ‘माझ्या मुला’ म्हणून कबुली द्यायला लावतो. तो खरं सांगतो. आणि त्याला मुलाबाळांसकट अखोर खोऱ्यात दगडमार होते. कबुली दिल्यावरही परतीची वाट नाही. वर्गातल्या बायकांना मुलांचं विचारायचं होतं, मलाही. सर होशेय संदेष्ट्याच्या 2ऱ्या अध्यायावर गेले, जिथे देव म्हणतो की अखोराचं खोरं मी आशेचं दार करीन. फार मोठं वचन आहे. पण त्या वचनापर्यंत पोचायला संदेष्ट्यांना कित्येक पिढ्या लागल्या, आम्हाला निदान एक संध्याकाळ मिळायला हवी होती.

एज्राच्या पुस्तकाचंही तसंच, लोक बाबेलच्या बंदिवासातून परतल्यानंतरचा तो काळ. 10वा अध्याय वाचत असताना बाहेर मुसळधार पाऊस लागला होता, आणि तिथेही पाऊसच आहे: नवव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळे लोक देवाच्या घरासमोरच्या चौकात बसले, त्या प्रकरणाने आणि पावसाने थरथर कापत. तीन दिवसांत न येणाऱ्याची मालमत्ता जप्त, तो मंडळीतून बाद. परदेशी बायका काढून द्यायचं ठरलं. दोघांनी विरोध केला, असाएलाचा पुत्र योनाथान आणि तिकवाचा पुत्र यहज्या, त्यांची नावं अध्यायात आहेत. चौकशी तीन महिने चालली. मग शंभराहून जास्त पुरुषांची यादी, आणि शेवटचं वाक्य की काहींना त्या बायकांपासून मुलं होती. बायकांचं नाव एकही नाही, त्या कुठे गेल्या तेही नाही. मी हात वर करून विचारलं, यांना परत घेण्याचा अध्याय कुठे आहे? सर म्हणाले, रूथ वाचा, आणि यशया 56. रूथ मवाबी, म्हणजे परक्या मवाब देशची, आणि मवाब्याने मंडळीत येऊ नये असं अनुवादात असताना ती दावीदाची पणजी झाली. यशया तर परक्याला आणि नपुंसकालाही देवाच्या घरात जागा देतो. उत्तर खरं आहे, मला ते मिळालं म्हणून मी सरांची आभारी आहे. पण एज्राच्या यादीतल्या त्या बायकांना ते उत्तर पोचलं नाही, आणि एवढं तरी फळ्यावर लिहिलं जायला हवं होतं.

त्या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याच दिवशी एक भर घातली, ती टिपणांत नाही म्हणून इथे देते. आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, 2017 मध्ये लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. यामागे नाशिकही आहे: 2013 मध्ये इथेच जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीला बापाने मारलं आणि जातपंचायतींविरुद्धची मोहीम पेटली. तिचं म्हणणं, कायदा बाहेर टाकणाऱ्याला अडवू शकतो, आत घ्यायला कुणाला पाठवू शकत नाही. सरांनी मान हलवली आणि पुढचा अध्याय काढला. मला तिथेही थांबावंसं वाटत होतं.

एवढं सोडलं तर हा वर्ग नाशिकमध्ये आहे हे आपलं भाग्य समजते. शरणपूर वस्ती वसली तीच आसरा द्यायला. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांनाही एकोणिसाव्या शतकात इथे ठेवून शिकवलं होतं. त्या रस्त्यावर हा विषय शिकवला जावा हे योग्यच आहे.

कुणी जावं? पंच कमिटीवर असाल तर जाच, आणि एकटे जाऊ नका, कमिटीतल्या आणखी दोघांना घेऊन जा, म्हणजे बैठकीत बोलताना साक्षीला कुणीतरी असेल. आमच्या मंडळीच्या पंचांना मी लेवीय 14 वरची टिपणं झेरॉक्स करून दिली आणि एक लेखी मागणी केली आहे: कुणाला बंद करायचं पत्र लिहिलं तर त्याच पत्रात मुदत लिहावी, ती संपली की कोण त्याच्या घरी जाणार त्याचं नाव लिहावं, आणि परत घेतल्याचं पत्रही रविवारच्याच उपासनेत, तेवढ्याच मोठ्याने वाचावं. बैठक पुढच्या महिन्यात आहे. भावाच्या मंडळीलाही तेच पत्र पोस्टाने पाठवलंय, पोचपावतीसह.

पुढची मालिका दिवाळीनंतर सुरू होणार असं सर म्हणाले, विषय आश्रयाची सहा नगरं, गणना 35 आणि यहोशवा 20. नाव आधी नोंदवा, खुर्च्या कमी आहेत. चष्मा विसरू नका, टाइप बहुतेक तेवढाच बारीक असेल.